‘फक्त ०९:५९ शिल्लक’ : डील साइटवरचं घड्याळ तपासायचं कसं

डील साइटवर लाल आकड्यांचं उलटं पळणारं घड्याळ दिसलं, की कार्टला हात लावण्याआधी तेच पान ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोत उघडून बघा. आधीच्या विंडोत ४ मिनिटं उरली आहेत आणि नव्या विंडोत घड्याळ पुन्हा १५ मिनिटांपासून सुरू झालं, तर सवलत संपत नाहीये. ते घड्याळ तुम्ही पान उघडल्यावर सुरू झालं. मालाचा साठा, सेलची तारीख, विक्रेत्याचा हिशेब यांपैकी कशाशीही त्याचा संबंध नाही.

यामागचं तंत्र साधं आहे. पान उघडलं की स्क्रिप्ट तुमच्याच ब्राउझरमध्ये, कुकीत किंवा लोकल स्टोरेजमध्ये, एक वेळ लिहून ठेवते आणि तिथून उलटी मोजणी चालू करते. शून्य झालं की घड्याळ परत पहिल्यापासून सुरू होतं, नाहीतर शून्यावर थांबतं आणि किंमत जिथल्या तिथे राहते. काही साइट ही वेळ आयपी पत्त्याशी, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकाशी, जोडतात, त्यामुळे प्रायव्हेट विंडोतही तोच आकडा दिसतो. अशा वेळी दुसरा फोन घ्या, वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावरून बघा. आणखी एक जात आहे, जी रोज मध्यरात्री संपते आणि १२ वाजून १ मिनिटाने नव्याने सुरू होते. ती पकडायची तर दुसऱ्या दिवशी परत पान उघडण्यावाचून इलाज नाही.

फोनचं घड्याळ पुढेमागे करून बघा, असा एक सल्ला फिरत असतो. त्यावर विसंबू नका. खऱ्या मुदतीचं घड्याळसुद्धा उरलेला वेळ बऱ्याचदा तुमच्या फोनच्या घड्याळावरूनच काढतं, त्यामुळे तेही हलतं. खात्रीची परीक्षा एकच: वेळ संपू द्या आणि पान रिफ्रेश करा.

सगळीच घड्याळं खोटी असतात असं नाही. कार्यक्रमाचं तिकीट काढताना निवडलेली खुर्ची काही मिनिटं तुमच्यासाठी अडवून ठेवलेली असते, कारण एकच खुर्ची दोघांना विकता येत नाही. पैसे भरण्याच्या पानाला मुदत असते ती सुरक्षिततेसाठी. पण ‘हा शर्ट तुमच्यासाठी १० मिनिटं राखून ठेवला आहे’ असं कुणी म्हणत असेल तर शंका घ्याच. बहुतेक दुकानांत माल कार्टमध्ये टाकल्याने साठ्यातून वजा होत नाही, तो वजा होतो ऑर्डर पूर्ण झाल्यावर. म्हणजे राखून काहीच ठेवलेलं नसतं.

आता ‘३७ जण आत्ता हे बघत आहेत’ या वाक्याकडे येऊ. त्याची परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण तिला तांत्रिक ज्ञान लागत नाही. पान पूर्ण उघडू द्या आणि मग इंटरनेट बंद करा. जोडणी तुटल्यावरही ३७ चे ४१ आणि ४१ चे ३६ होत राहिले, तर तो आकडा पानातच तयार होतोय. बाहेरून काही येण्याची वाटच उरलेली नाही. ‘अमुक गावातल्या एकाने आत्ताच खरेदी केली’ असे कोपऱ्यातून वर येणारे डबे असतात, त्यांनाही हीच परीक्षा लावा. नेट बंद असताना ते येत राहिले, तर ती आधीच भरून ठेवलेली यादी आहे. यादीतल्या ऑर्डरी कधीतरी खऱ्या झालेल्या असतीलही, पण ‘आत्ताच’ हा शब्द खोटा ठरतो. संगणकावर असाल तर पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडून इंग्रजी ‘रँडम’ (random) शब्द शोधा. मनाला येईल तो आकडा काढायची आज्ञा याच शब्दाने देतात. तो शब्द इतर शंभर कामांसाठीही वापरला जातो, म्हणून नुसता सापडला एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. बघणाऱ्यांच्या आकड्याच्या जवळपास, किमान आणि कमाल अशा दोन संख्यांसोबत असेल, तर मात्र चोर सापडला.

हे एखाददुसऱ्या लबाड दुकानदाराचं काम नाही, आणि याचाच मला सर्वांत जास्त राग येतो. २०१९ साली प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत सुमारे ११,००० खरेदीच्या साइट प्रोग्रॅम लावून तपासल्या. त्यांना अशा युक्त्यांची १,८१८ उदाहरणं सापडली, आणि १८३ साइटवर उघड फसवणूक आढळली. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट समोर आली: या युक्त्या तयार स्वरूपात पुरवणाऱ्या २२ त्रयस्थ सेवा. घड्याळ, बघणाऱ्यांचा आकडा, खरेदीचा डबा, सगळं विकत मिळतं आणि दुकानदाराने फक्त जोडायचं. तेव्हा कुणी फसलं की ‘लोक हावरे असतात’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. समोर एकटा माणूस असतो आणि त्याच्या विरुद्ध बाजूला मोजूनमापून बनवलेलं यंत्र असतं.

हे यंत्र ज्यावर चालतं तो स्वभाव आपल्या सगळ्यांत आहे. १९७५ सालचा एक प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. एका बरणीत दहा बिस्किटं, दुसरीत दोन, आणि बिस्किटं तीच. दोनच्या बरणीतली बिस्किटं लोकांना जास्त हवीशी वाटली. ‘फक्त २ शिल्लक’ ही पाटी त्या बरणीचंच काम करते. आणि घड्याळ तुमच्याकडून तुलना करायला लागणारा वेळ काढून घेतं. दुसऱ्या साइटवरची किंमत बघणं, परतीचे नियम वाचणं, ही वस्तू खरंच हवी आहे का हे घरात कुणाला विचारणं, या तिन्ही गोष्टींना दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागतो.

‘फक्त २ शिल्लक’ तपासण्यासाठी कार्टमध्ये संख्या १० करून बघा. कार्टने मुकाट्याने १० नग घेतले, तर एकतर पाटी खोटी आहे, नाहीतर माल नसताना ऑर्डर घेऊन नंतर मागवला जातो. दोन्हीत ‘शिल्लक’ या शब्दाला अर्थ नाही. कार्टने नकार दिला तर मात्र लगेच पाटी खरी मानू नका. एका ग्राहकाला दोनच नग अशी मर्यादाही असू शकते. नकाराचा संदेश नीट वाचा, त्यात बहुतेक वेळा कारण लिहिलेलं असतं.

प्रवासाच्या साइटवरचा प्रकार जरा नाजूक आहे, कारण तिथे आकडा अनेकदा खरा असतो आणि अर्थ दिशाभूल करणारा. ‘या किमतीत ३ जागा शिल्लक’ म्हणजे विमानात ३ जागा नव्हेत. विमानातल्या जागा भाड्याच्या वेगवेगळ्या वर्गांत वाटलेल्या असतात, आणि आरक्षणाच्या यंत्रणा एका वर्गात जास्तीत जास्त ९ जागा दाखवतात, मग प्रत्यक्षात ४० असोत. तो वर्ग संपला की पुढचा, बहुधा महाग वर्ग उघडतो. विमान रिकामंही असू शकतं. हॉटेलचंही तसंच. ‘आमच्याकडे शेवटची खोली’ म्हणजे त्या साइटच्या वाट्याला आलेल्या, त्या प्रकारच्या खोल्यांतली शेवटची. हॉटेलला फोन करून त्याच तारखेची खोली विचारली की चित्र स्पष्ट होतं.

आता किंमत. खोडलेला मोठा आकडा आणि शेजारी लहान आकडा यात लबाडी असते ती खोडलेल्या आकड्यात. त्या किमतीला वस्तू कधी विकली गेली होती का, एवढंच शोधायचं. मोठ्या बाजारपेठांसाठी कीपासारख्या सेवा जुन्या किमतींचा आलेख देतात. लहान डील साइटसाठी इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन वापरा, तिथे वेबपानांच्या जुन्या प्रती साठवलेल्या असतात. पानाचा पत्ता तिथे टाका आणि एक-दोन महिन्यांपूर्वीची प्रत उघडा. तेव्हाही ‘आज शेवटचा दिवस’ असेल तर विषय संपला. वस्तूच्या पानाची प्रत नसेल तर मुखपृष्ठाची बघा, सेलची पट्टी बहुधा तिथेच लटकत असते.

टक्क्यांचं गणित कागदावर करा. ‘७०% अधिक २०%’ म्हणजे ९०% नव्हे. शंभराचे आधी तीस होतात आणि २०% त्या तिसावर मिळतात. उरतात २४, म्हणजे एकूण सवलत ७६%. ‘८०% पर्यंत’ यातला ‘पर्यंत’ तर कितीही कमी सवलत पोटात घेऊ शकतो. चाक फिरवून मिळणाऱ्या कूपनाचा कोड दुसऱ्या विंडोत चाक न फिरवता टाकून बघा, तो अनेकदा तसाच चालतो.

दोन साइटची तुलना नेहमी पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावरच्या रकमेवरून करा. हाताळणी शुल्क, सोय शुल्क, आधीच टिक करून ठेवलेला विमा हे सगळं तिथेच बाहेर येतं. मोफत ट्रायल घेतलीत तर त्याच दिवशी रद्द करून टाका. बऱ्याच सेवा मुदत संपेपर्यंत चालू राहतात. घेण्याआधी रद्द करण्याचं बटण कुठे आहे तेही शोधा. सुरू करायला एक क्लिक आणि बंद करायला फोन, अशी व्यवस्था असेल तर कार्डाचा नंबर देऊच नका.

कायदा याबाबतीत गप्प नाही. सवलत फार थोड्या वेळासाठीच आहे असं खोटं सांगून घाईने निर्णय घ्यायला लावणं युरोपीय संघाच्या २००५ च्या निर्देशात थेट निषिद्ध यादीत आहे. तिथे मे २०२२ पासून किंमत कमी केल्याचं जाहीर करताना सर्वसाधारणपणे आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. भारतात नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात अशा १३ युक्त्या नावानिशी दिल्या आहेत, आणि खोटी घाई, कार्टमध्ये गुपचूप वस्तू घुसवणं, सबस्क्रिप्शनचा सापळा हे सगळे त्यात आहेत.

तक्रार करायची तर पुरावा तुमच्याकडे हवा. एक स्क्रीनशॉट पुरत नाही. स्क्रीन रेकॉर्डिंग करा, ज्यात पानाचा पूर्ण पत्ता आणि तारीख-वेळ दिसेल. दोन विंडो शेजारी ठेवून दोन वेगळी घड्याळं दाखवा, किंवा शून्य झाल्यावर तीच किंमत परत आलेली दाखवा. परतीच्या नियमांचं पान पीडीएफ करून ठेवा. बँकेकडे व्यवहारावर हरकत घ्यायची वेळ आली तर काय कबूल केलं होतं आणि काय मिळालं, हे दाखवायला हेच कागद लागतात. आणि हे सगळं पैसे भरण्याआधी करा. ऑर्डर गेल्यावर तुम्ही परत याल तेव्हा ते पान तसंच असेल याची खात्री नसते.