फक्त स्टिक काढून बघ

दाजी अमेरिकेला मुलाकडे निघाले, त्याच्या आदल्या रात्री मला म्हणाले, "काही नाही रे, अधूनमधून गाडी सुरू करायची आणि गिअरबॉक्सचं तेल बघायचं. फक्त स्टिक काढून बघ."

दाजींच्या 'फक्त'मुळे आमच्या घरात आजवर एक बोअर कोरडी गेलीये, एक भिशी बुडालीये आणि माझं लग्न ठरलंय. तरी मी हो म्हणालो. ताईनं त्या दिवशी पुरणपोळी केली होती, हे एक कारण.

गाडी म्हणजे साधी कार नव्हे. १९७४ सालची, डॉजच्या चासिसवर बांधलेली अमेरिकन मोटरहोम. आत दोन पलंग, शेगडी, बेसिन, फ्रीज आणि पायाला अंगठा असलेला माणूस नीट बसू शकणार नाही असा एक संडास. ती नाशकात कशी आली याच्या दाजी तीन कथा सांगतात. तिन्हींत एक वकिलात आणि एक लिलाव आहे, बाकी काही जुळत नाही. इंजिन ४४० क्युबिक इंचांचं, म्हणजे ७.२ लिटर. आमच्याकडचा सगळ्यात मोठा कुकर ५ लिटरचा आहे आणि तो श्राद्धालाच खाली उतरतो. स्टिअरिंग डावीकडे. गिअर ऑटोमॅटिक, क्लचच नाही. एक पेडल कमी म्हणजे एक कटकट कमी, असं मला तेव्हा वाटलं होतं.

गाडी उभी असते दाजींच्या आनंदवल्लीच्या प्लॉटवर. दाजी गेल्यावर मी महिनाभर तिकडे फिरकलोच नाही. मग एका रविवारी गेलो. ड्रायव्हर आणि क्लिनर यांच्या सीटमध्ये पेटाऱ्याएवढं एक झाकण आहे, ते उचललं की खाली इंजिन. म्हणजे इंजिन गाडीच्या हॉलमध्येच राहतं. तिथून तेल मोजायची लांबलचक स्टिक ओढून काढली. 'फुल'च्या खुणेच्या वर चांगलं तीन बोटं तेल. दाजींना मेसेज टाकला, 'तेल काठोकाठ आहे, काळजी नसावी.'

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला फोन. न्यू जर्सीत रात्रीचे आठ वाजलेले, दाजींचं जेवण झालेलं, आवाजात उत्साह. "इंजिन चालू होतं का?"

"नाही. चालू इंजिनाचं तेल कोण बघतं?"

इथे दाजींनी मला अर्धा तास शिकवलं. त्याचा सारांश असा. दोन पराती तोंडाला तोंड लावून ठेवल्यात असं समजा, मध्ये तेल. इंजिन एक परात फिरवतं, तेल गरगरतं आणि दुसऱ्या परातीला ढकलतं. तीच क्लचची जागा, तिला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. गाडी महिनाभर उभी राहिली की परातींतलं तेल निथळून खाली चेंबरमध्ये उतरतं. मग स्टिक सांगते, भरपूर आहे. ते असतं, पण पाहिजे तिथे नसतं. (आमच्या सोसायटीच्या फंडाचंही असंच आहे, पण तो विषय वेगळा.)

म्हणून पुढच्या वेळी इंजिन सुरू केलं. आनंदवल्लीच्या सगळ्या कुत्र्यांना कळलं की ते सुरू झालं. लिव्हर 'पी'वर ठेवला, पी म्हणजे पार्किंग, गाडी उभी आहे, यात चूक काय? पण दाजींच्या मते यातच सगळी चूक. या जुन्या टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्समध्ये पी टाकलं की कन्व्हर्टरकडे जाणारी तेलाची वाटच बंद होते. दुसऱ्या बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत पीमध्येच बघायचं असतं. हिच्यात न्यूट्रलमध्ये. त्याआधी ब्रेक दाबून आर, डी, दोन, एक असे सगळे गिअर एकेकदा टाकायचे, म्हणजे आतल्या वाटा तेलानं भरतात, आणि मग 'एन'वर यायचं. थोडक्यात, गोदावरीकडे उतरणाऱ्या प्लॉटवर चार-पाच टनांची गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू आणि डोकं इंजिनात.

बायकोला ब्रेकवर बसवलं. चाकांना दगड लावले. मी म्हटलं, "काही झालं तरी पाय काढू नकोस." ती म्हणाली, "एकवीस वर्षं काढला नाहीये."

स्टिक पुसायला मी गॅरेजमधून मूठभर कॉटन वेस्ट आणलं होतं. तेही चालत नाही. त्याचा एक धागा आत गेला तर व्हॉल्व्हच्या बारीक भोकात जाऊन बसतो. धागे न सोडणारं कापड पाहिजे. ते निघालं आईच्या ट्रंकेतून. ज्या काळात आख्ख्या महाराष्ट्रानं उकाड्याची पर्वा न करता नायलॉनच्या साड्या नेसल्या, त्या काळातली जांभळी, पांढऱ्या ठिपक्यांची साडी. आई म्हणाली, "ही मी तुझ्या बारशाला नेसले होते." मी तिचा पदर वाचवला आणि मधला भाग कापला. गाडी आणि साडी साधारण एकाच वयाच्या आहेत, आणि साडीनं कमी त्रास दिलाय.

न्यूट्रलमध्ये बघितलं तर तेल 'अ‍ॅड'च्या खाली. म्हणजे कमी. नाशकातल्याच द्वारका सर्कलजवळच्या एका दुकानात गेलो. "ऑटोमॅटिक गिअरचं तेल आहे का? डेक्सरॉन?" दुकानदारानं विचारलं, "पॉवर स्टिअरिंगचं का? कोणता ट्रॅक्टर?" आपल्याकडे हे लाल तेल पिढ्यान्‌पिढ्या स्टिअरिंगसाठीच विकलं गेलंय. मी म्हटलं मोटरहोम. त्यानं पोऱ्याला हाक मारली, "भाऊंना लाल एक लिटर दे, ट्रॅक्टरचं." तेल स्टिकच्याच नळीतून घालायचं असतं. लांब नरसाळं लावलं आणि अख्खी बाटली ओतली. आता, अ‍ॅड आणि फुल या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे एक अमेरिकन पाइंट, जेमतेम अर्धा लिटर. हे मला बाटली रिकामी झाल्यावर कळलं. आणि त्याहून वाईट हे कळलं की तेल बघायचं असतं गरम असताना. थंड तेल स्टिकवर खालीच दिसणार. मुळात ते वाटलं तितकं कमी नव्हतंच.

"किती गरम?"

"ऐंशी अंशांच्या आसपास. पंचवीस-तीस किलोमीटर चालव. फक्त त्र्यंबकेश्वरला जाऊन ये."

पुन्हा फक्त.

गेलो. सातपूरच्या सिग्नलला रिक्षावाले नमस्कार करतात त्या गाडीला, का ते माहीत नाही. अंजनेरीपर्यंत बायको खिडकीतून डोंगर बघत होती, मी पेट्रोलचा काटा बघत होतो. त्र्यंबकला पार्किंगमध्ये लावली, इंजिन चालू ठेवलं, बायको ब्रेकवर, झाकण उघडलं आणि स्टिक घेऊन उजेडासाठी दारात आलो. हातात लालभडक तेलानं निथळणारी सळई, दुसऱ्या हातात जांभळं फडकं. बाहेर दोन आजोबा उभे. एकानं बाही वर सारली. "नाव इथंच लिहायचं का?"

मला क्षणभर समजेना. दुसरे म्हणाले, "रक्तदानाची गाडी आहे ना?"

मी नाही म्हणेपर्यंत मागे आणखी चौघे उभे राहिले होते. आपल्याकडे रांग आधी तयार होते, कशाची आहे ते मग विचारतात. खुलासा केल्यावर तिघे गेले, आजोबा मात्र हलेनात. "मग बीपी तरी बघा." बायकोनं आतून ओरडून सांगितलं की ह्यांचंच बघायची वेळ आलीये.

त्या गडबडीत स्टिकवर काय होतं ते बघायचं राहिलं. पुन्हा बघितलं तर एका बाजूनं फुलच्या वर, दुसऱ्या बाजूनं त्याहून वर. मग लक्षात आलं की आपण ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी आहोत, इथे कुठली सपाट जागा! आणि तेल बघताना गाडी सपाट पाहिजे, हे दाजींनी सांगितलं होतं की नाही यावर आमचं अजून एकमत नाही.

'नाशिक नव टेकांवर वसविले' असं आपल्याकडे म्हणतात. शाळेत हे सांगताना गुरुजींची छाती फुगायची. नऊ टेकड्या आहेत म्हणजे नाशकात सपाट जागा किती उरते, हे एकाही गुरुजींनी सांगितलं नाही. पुढचे तीन दिवस मी ती शोधत होतो. मोजमापाला बायकोनं लाटणं दिलं होतं. गाडी उभी करायची, लाटणं जमिनीवर ठेवायचं, ते घरंगळलं की पुढे जायचं. गोल्फ क्लबच्या मैदानाबाहेर ते बेसिनकडून दाराकडे गेलं. तपोवनात दाराकडून पलंगाखाली. गंगापूर रोडला मला वाटलं ते थांबलं, पण ते स्पीडब्रेकरवर होतं. मागचं चाक.

लाटण्यात बायकोचा स्वार्थ होता. गाडीतला फ्रीज जुन्या पद्धतीचा आहे, त्याला कॉम्प्रेसर नाही. गॅसच्या ज्योतीवर अमोनिया तापवून तो गार करतो. विस्तव लावून बर्फ, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला दाजींची चौथी कथा वाटली होती. पण तो खरंच चालतो, फक्त (मीही आता हा शब्द वापरायला लागलोय) गाडी सपाट असेल तर. तिरकी असेल तर आतलं द्रव परत यायचं तिथे येत नाही आणि फ्रीज नुसता कोमट होऊन बसतो. दाजींच्या प्लॉटवर तो आजवर कधीच गार झालेला नाही. ताई त्यात बूट ठेवते.

शेवटी सपाट जागा शेजारच्या प्लॉटवरच्या गवंड्यानं काढली. आमचं लाटणं त्यानं दोन दिवस लांबून बघितलं होतं. तिसऱ्या दिवशी तो पाण्याची लेव्हल पाइप घेऊन आला, एक टोक पुढच्या चाकाशी धरलं, दुसरं मागच्या, आणि म्हणाला, "भाऊ, सव्वाचार इंच. जागा काय हुडकताय, फळ्या घ्या ना." सेंट्रिंगच्या चार फळ्या आल्या. पुन्हा त्र्यंबक करून आलो, या वेळी पार्किंगला न थांबता. "येऊ द्या, येऊ द्या, बास!" गाडी फळ्यांवर चढली. लाटणं ठेवलं. हललं नाही. गवंड्यानं विडी पेटवायला काडी काढली, मी इंजिनाच्या उघड्या झाकणाकडे बोट दाखवलं, त्यानं ती परत ठेवली.

एन. ब्रेक. स्टिक. पुसली, घातली, काढली, दोन्ही बाजूंनी बघितली. या तेलाचा रंग कोकम सरबतासारखा पाहिजे. चहासारखा झाला आणि जळका वास आला तर आतल्या प्लेटा जळाल्यात. सोलकढीसारखा झाला तर रेडिएटरमधून पाणी शिरलंय आणि पैसे मोजायला बसा. आमचं सरबत उत्तम होतं, पण फेसाळलेलं आणि फुलच्या दोन बोटं वर. अर्धा लिटर जास्त. जास्त तेल हे कमीइतकंच वाईट, कारण फिरणारे भाग त्याला ताक घुसळल्यासारखं घुसळतात, त्यात हवा शिरते आणि हवेच्या जोरावर काही गिअर पकडत नाहीत. काढावं म्हटलं तर या चेंबरला ड्रेन नटच नाही. अमेरिकन माणसाला बहुतेक तेल घालण्यावरच विश्वास होता.

मग गाडी थंड होऊ दिली आणि संध्याकाळी गल्लीतल्या कंपाउंडरकाकांना बोलावलं. पन्नास मिलीची सिरिंज, सलाइनची नळी. नळी स्टिकच्या भोकातून हळूहळू आत सोडताना काकांनी सवयीनं म्हटलं, "दुखणार नाही हं." दहा सिरिंजा, एकेक रिकाम्या बाटलीत. दुसऱ्या दिवशी आणखी एक त्र्यंबक, तेवढ्यासाठीच. परत फळ्यांवर, एन, ब्रेक, साडी, स्टिक. तेल बरोबर फुलच्या खुणेवर. गवंडी, कंपाउंडरकाका आणि मी, तिघांनी वाकून बघितलं. बायको ब्रेकवरूनच म्हणाली, "झालं असेल तर काढू का पाय?"

परवा पहाटे साडेपाचला दाजींचा फोन आला.

"तेल?"

"फुलवर. गरम, सपाट, न्यूट्रल."

"शाब्बास. आता दर आठवड्याला फक्त एक चक्कर मारून आण."

"नाही आणता येणार."

"का? काय झालं?"

"फ्रीज गार झालाय. आत सोलकढी ठेवलीये, आणि ताईचे बूट बाहेर काढलेत. ही म्हणते, आता गाडी फळ्यांवरून हलवायची नाही."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ताईचा आवाज आला, "कुठले बूट, काळे का?"