चानीचा संशय आणि स्टिलगरची भक्ती

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’ या विज्ञान-कादंबरीत वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांचा तारणहार ठरलेल्या पॉलच्या नावाने धर्मयुद्ध पेटतं, तिथे ‘जिहाद’ हा शब्द येतो. दनी विलनव्हच्या दोन भागांतल्या (२०२१, २०२४) चित्रपटात तो गाळल्याबद्दल मी माझ्या लेखात तक्रार केली, तो निव्वळ शब्दाचा हट्ट आहे असं तुम्ही लिहिलंत. शिवाय पॉलची फ्रेमेन प्रेयसी चानी हिला संशयी दाखवून चित्रपटाने तारणहारांपासून सावध राहण्याचा हर्बर्टचा इशारा उलट अधिक ठळक केला, असंही तुमचं म्हणणं.

पहिला मुद्दा बराचसा मान्य. १९६५ साली त्या शब्दावर नव्हतं ते ओझं २०२१ पर्यंत त्याच्यावर चढलं होतं. तो जसाच्या तसा ठेवला असता, तर हे युद्ध एका विशिष्ट धर्माचं आहे असा प्रेक्षकांचा सोयीस्कर समज झाला असता. कादंबरीत तसं नाहीच. तिथला धर्म अनेक धर्मांच्या सरमिसळीतून आलाय आणि फ्रेमेनांमधली तारणहाराची भाकितं बेने जेसेरिट या पडद्याआडून सत्ता हलवणाऱ्या स्त्री-पंथाने फार आधी, स्वतःच्या सोयीसाठी पेरून ठेवली आहेत. माझ्या लेखात हे यायला हवं होतं.

चानीबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. चित्रपटात आपण तिच्या शेजारी उभे राहतो. ती चिडते, निघून जाते, आणि तिच्याबरोबर आपणही त्या पापातून सुटतो. कादंबरी ही पळवाट ठेवत नाही. तिथे आपण पॉलच्या मनात असतो. पुढचा संहार त्याला दिसतो, तो थांबवायची त्याची धडपडही खरी असते, आणि तरीही आपल्याला त्याचाच विजय हवा असतो. शेवटी त्याला कळतं की आपण मेलो तरी हे युद्ध आपल्याच नावाने चालू राहील.

आणि स्टिलगर, फ्रेमेनांचा म्होरक्या! कादंबरीत पॉलच्या डोळ्यांदेखत हा त्याचा मित्र त्याचाच भक्त होऊन जातो. माझ्या लेखी धर्मयुद्धाची खरी सुरुवात तिथे होते, कारण त्या क्षणानंतर पॉलला ‘चुकतोयस’ असं सांगू शकणारा एक माणूस कमी झालेला असतो. चित्रपटात त्याच स्टिलगरची श्रद्धा अनेकदा हशा पिकवते. त्या जागी हसू आलं, हे मला फार लागलं. (१९८४च्या चित्रपटाने तर शेवटी पाऊस पाडून पॉलला खराखुरा देवच केलं होतं, त्या मानाने हा कितीतरी प्रामाणिक.)

‘ड्यून मेसाया’ या पुढच्या कादंबरीत पॉल स्टिलगरला चंगीझ खान आणि हिटलर यांनी मारलेल्यांचे आकडे सांगतो. ते स्टिलगरला किरकोळ वाटतात. मग पॉल स्वतःचा हिशोब मांडतो: ६१ अब्ज माणसं, ९० ग्रह निर्जीव, ४० धर्मांचे अनुयायी नामशेष. एकही लढाई न दाखवता, साध्या बोलण्यात. पुढच्या चित्रपटात हा संवाद असाच, शांतपणे आला, तर आपण पुन्हा बोलू.