पाव्हणं, कुठलं गाव?

परदेशातल्या हॉस्टेलात घोरणाऱ्यांचा फार त्रास होतो, असं सगळे सांगतात. मला घोरण्याचं काही वाटत नाही. बेळगावात शहापुरातल्या आमच्या घरी गणपतीत वीस-पंचवीस माणसं एका सोप्यात झोपतात आणि त्यांत मिरजेचे मामा असतात. पहाटे कुणीतरी प्लास्टिकच्या पिशव्या चुरचुरवत बॅग भरतं, फ्रिजमध्ये नाव घालून ठेवलेलं दूध परस्पर संपतं, वरच्या खाटेवर बसलं की डोकं छताला लागतं, हेही चालतं. मला घाम फुटतो तो संध्याकाळी स्वयंपाकघरात, शेजारचा पास्ता ढवळता ढवळता सहज विचारतो तेव्हा: "तू कुठला?"

बाकीच्यांचं उत्तर एका शब्दात संपतं. ब्राझील. कोरिया. झालं, पास्ता शिजला. मीही 'इंडिया' म्हणून सोडतो, पण समोरचा नेमका एकदा जयपूर-गोवा करून आलेला असतो. "इंडियात कुठं?" बेळगाव म्हटलं तर शांतता पसरते, म्हणून आम्हा बेळगावकरांकडे माणूस बघून द्यायची उत्तरं तयार असतात. मुंबईवाला असेल तर 'कोल्हापूरच्या पुढं'. बेंगळूरवाला असेल तर 'हुबळीच्या पुढं'. गोरा असेल तर 'गोव्याजवळ'. आमचं गाव कायम कशाच्या तरी जवळ नाहीतर पुढं. जिथल्या तिथं आहे असं कधी सांगताच येत नाही. त्यात 'गोव्याजवळ' म्हटलं की पुढचा प्रश्न समुद्राचा. समुद्र नाही म्हटल्यावर त्या माणसाचा चेहरा असा पडतो, की चोर्ला घाट उतरून त्याला आपणच सोडून यावं असं वाटतं.

एकदा एक पुण्याची मुलगी भेटली. बोलता बोलता थांबली आणि कौतुकानं म्हणाली, "कर्नाटकातला असून मराठी छान आहे रे तुझं!" मी थँक्यू म्हटलं. रात्री आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग तूबी म्हणायचं होतंस, पुण्याची असून तुझंबी बरं आहे की!"

मी इथं चान्सनकार्टवर आलोय. जर्मनीनं जून 2024 पासून हे कार्ड काढलं. वर्षभर राहा, नोकरी हुडका, तोवर आठवड्याला वीस तास काम करा. आधी बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशिनवर होतो. नोकरी नसलेल्याला इथं कोणी खोली देत नाही आणि खोलीचा पत्ता नसेल तर बरीच कामं अडतात, त्यामुळं मुलाखत जिथं असेल त्या गावातलं हॉस्टेल हेच माझं घर. घरच्यांना वाटतं मी युरोप फिरायलोय. फिरतोय हे खरं आहे.

तर एका कचेरीत माझे कागद आले. जन्मदाखल्यावर बेळगाव, पदवीवर बेळगावी. टेबलामागच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"या दोन शहरांत अंतर किती?"

"काहीच नाही."

"मग तुम्ही या शहरातून त्या शहरात राहायला कधी गेलात?"

"आम्ही कुठंच गेलो नाही. 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारनं नाव बदललं."

बाईंनी हे लिहून घेतलं आणि गाव हललं नसल्याचा दाखला मागितला. तो कोण देतो हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

खरं तर त्यांना मी आजोबांची हकीकत सांगायला हवी होती. आजोबा जन्मले तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं. 1948 ला संस्थान विलीन झालं आणि आजोबा मुंबई राज्यात आले. 1956 ला म्हैसूर राज्यात गेले. 1973 ला म्हैसूरचं नाव कर्नाटक झालं, तेव्हा ते तिथंही पोचले. एवढा प्रवास त्यांनी एकाच गल्लीत, एकाच कट्ट्यावर बसून केला. शिवाय बेळगाव आमचं, हा महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, 2004 पासून. म्हणजे तिकीट अजून पूर्ण फाटलेलं नाही.

ही गोष्ट मी फक्त एकाच माणसाला नीट समजावून सांगू शकलो. तो युक्रेनच्या पश्चिम टोकाच्या उझ्होरोदचा. तो ऐकत राहिला, मान हलवत राहिला. मला वाटलं, सापडला बाबा एक समजूतदार माणूस. माझं संपल्यावर तो म्हणाला, "आमची पणजी पाच देशांत राहिली. ऑस्ट्रिया-हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, सोव्हिएत युनियन, युक्रेन. घर तेच." झालं. माझी चार सरकारं त्यानं पाच देशांनी मारली. दुःखातही आपला नंबर दुसरा आला की माणसाला फार लागतं.

कोलोनच्या हॉस्टेलात मात्र प्रश्न न विचारताच ओळख पटली. त्याला कारण आमचा नळ. बेळगावात काही वॉर्डांना चोवीस तास पाणी आहे, आमची गल्ली त्यांत नाही. पाणी आलं की आई उठते, आणि आई उठली की घागरी भरता भरता मला फोन लावते. तिच्याकडं सकाळचे सहा, माझ्याकडं हिवाळ्यात रात्रीचा दीड. आठ खाटांच्या खोलीत फोन थरथरायला लागला. मी पांघरुणात तोंड घालून कुजबुजलो, "आई, इथं लोक झोपलेत."

"झोपू देत की. थंडी पडल्या काय? काय खाल्लास?"

इतक्यात तिच्या मागून शेजारच्या अक्कांनी गल्लीला हाळी दिली, "नीर बंतु!" ती अंधाऱ्या खोलीत खणखणीत उमटली आणि खालच्या खाटेवरून झोपाळू आवाज आला, "एष्ट दिनक्क बंत्री?" पाणी किती दिवसांनी आलं, असं तो विचारत होता. असा प्रश्न हुबळीचा माणूसच विचारणार. पाण्याची वाट बघण्यात त्यांनी आम्हाला केव्हाच मागं टाकलंय.

सकाळी तोंड बघितलं. तोही मेकॅनिकल, तोही चान्सनकार्टवर. माझं कन्नड शाळेत पास होण्यापुरतं, त्याचं मराठी कोल्हापूरच्या एसटीत जागा मागण्यापुरतं; मधल्या खड्ड्यांत हिंदी भरून आम्ही काम चालवलं. त्यानं 'कुठला' असं विचारलं नाही. "शहापुरात कुठं? खडेबाजारच्या अलीकडं का पलीकडं?" असं विचारलं. इतक्या महिन्यांनी मला कुणीतरी अवघड प्रश्न घातला होता आणि मला त्याचं उत्तर येत होतं!

मग आला 1 नोव्हेंबर. बेळगावात या दिवशी काय असतं ते सांगायला नको. एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, लाल-पिवळे झेंडे, चन्नम्मा चौकात मुंगी शिरायला जागा नाही. दुसरीकडं महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्यांचा काळा दिवस, काळे कपडे, सायकल फेरी. मी लहानपणापासून बघत आलोय. त्या सकाळी गडी लाल-पिवळी शाल घेऊन स्टेटसला फोटो काढत होता. माझ्या अंगावर काळं जॅकेट. त्यानं वरपासून खालपर्यंत बघितलं. "इल्लीनू?" म्हणजे, इथंसुद्धा?

"थंडी आहे बाबा. आणि माझ्याकडं एवढं एकच जॅकेट आहे."

त्याचा विश्वास बसला नाही. अजूनही बसलेला नसावा.

पण त्या दिवशी आम्हाला भांडायला फुरसत मिळाली नाही, कारण जर्मनीच्या या भागात 1 नोव्हेंबरला सर्व संतांच्या सणाची सुट्टी असते आणि दुकानं कडेकोट बंद. 2025 मध्ये तो शनिवारी आला, म्हणजे लागून रविवार, तोही बंद. दोघांनीही काही भरून ठेवलं नव्हतं. अशा दिवशी रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी असतात, पण अख्ख्या कोलोनला हे ठाऊक असतं. रांगेत उभं राहून, हाताला लागेल त्याचे दुप्पट पैसे मोजून, आम्ही पाव आणि दोन कांदे घेऊन परत आलो.

मग त्यानं बॅगेच्या तळातून कापडात गुंडाळलेल्या कडक भाकऱ्या काढल्या. महिना झाला तरी पापडासारख्या कडकडीत. सोबत शेंगाचटणी. मी आईचं तिखट काढलं आणि कुंद्याचा शेवटचा तुकडा. आई खरं तर मांडे द्यायला निघाली होती; पण विमानानं मांडे आणायचे म्हणजे ते मनातच खावे लागले असते. कुंदा तोंडात टाकून तो म्हणाला, "बरा आहे. पण आमच्या धारवाडच्या पेढ्याला..." आणि सकाळपासून टळलेलं भांडण सुरू झालं. अस्मितेवर आम्ही कसंबसं जमवून घेतलं असतं, खव्यावर जमणं शक्य नव्हतं.

आवाज वाढला तसा रिसेप्शनवरचा पोरगा आत आला. काय चाललंय विचारलं. दोन गावं, शंभरेक किलोमीटरच्या आत, दोन मिठाया, असं सांगितल्यावर त्यानं खुर्ची ओढली. कोलोन आणि ड्युसेलडॉर्फमध्ये चाळीसेक किलोमीटर अंतर आहे. इथली बिअर कोल्श, फिक्की. तिथली आल्ट, गडद. इथं आल्ट मागितली तर वेटर ऐकू न आल्यासारखं करतो म्हणे. "त्या गावात," तो म्हणाला, "फुकट नोकरी दिली तरी मी जाणार नाही." एवढं ठामपणे बोलणारा माणूस मी बेळगाव सोडल्यावर पहिल्यांदाच बघितला.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. रात्री पाणी नसतं, पण सणासुदीला पोरगं उपाशी आहे काय, ही चौकशी असते. मी फोन हुबळीवाल्याकडं वळवला. आईचं माहेर बैलहोंगलकडचं. तिनं जे कन्नड सुरू केलं ते मला अर्धंअधिक झेपलं नाही. भाकरीचं पीठ किती गरम पाण्यात मळायचं, त्याच्या आईची गुडघेदुखी, आजोळ कुठलं, घरात नळ किती दिवसांनी. माझा कांदा चिरून झाला, मी दोनदा घसा खाकरला, कुणी लक्ष दिलं नाही. शेवटी तिनं त्याचा नंबर लिहून घेतला, "हा रात्री फोन उचलत नाही" म्हणून.

11 नोव्हेंबरला 11 वाजून 11 मिनिटांनी कोलोनात कार्निव्हलचा हंगाम सुरू होतो आणि हॉस्टेलांचे दर आकाशाला भिडतात. त्याच्या आदल्या दिवशीच आम्ही दोघंही सामान उचलून आपापल्या वाटेनं गेलो. मी दुसऱ्या गावात, वरच्या खाटेवर. फोन रात्री दीडला वाजायचा बंद झाला. दोन दिवस बरं वाटलं, मग मीच आईला फोन केला.

"अगं, पाणी येत नाही काय?"

"येतंय की. त्या हुबळीच्या पोराशी बोलायलोय सकाळी. त्याला ड्युसेलडॉर्फात नोकरी लागली. तुला सांगितलं नाही काय?"