‘पाच वर्षांत मेंदू घडवा’ म्हणणाऱ्या मेसेजविषयी

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरत असतो. मेंदूची 90 टक्के वाढ पाचव्या वर्षापर्यंत होते, पुढे वेळ गेलेली असते. म्हणून बाळाला मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराचं संगीत ऐकवा, शैक्षणिक व्हिडिओ दाखवा आणि घरात फक्त इंग्रजी बोला.

90 टक्के हा आकडा मेंदूच्या आकाराचा आहे. पाच-सहा वर्षांत मेंदू जवळपास मोठ्यांएवढा होतो, हे खरं. पण पेशींमधल्या जोडण्यांची छाटणी पुढेही चालू राहते आणि संयम, नियोजन सांभाळणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. सहावीतल्या पोराची गाडी सुटलेली नाही.

मोझार्ट ऐकून बुद्धी वाढते ही गोष्ट 1993 सालच्या ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातल्या एका छोट्या टिपणातून निघाली. त्या प्रयोगात बाळं नव्हतीच, कॉलेजचे 36 विद्यार्थी होते. दहा मिनिटं मोझार्टची एक पियानोरचना ऐकल्यावर त्यांनी आकृत्यांची कोडी जरा बरी सोडवली आणि पंधराएक मिनिटांत तो परिणाम ओसरला. एवढ्यावर 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना सीडी वाटायचा घाट घातला! गाणं खुशाल ऐकवा, भीमसेन लावलेत तरी उत्तम. बुद्ध्यांकाचा हिशेब तेवढा मांडू नका.

व्हिडिओचं मात्र नीट पाहायला हवं. 2003 साली बाळं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कुल यांच्या गटाने नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन, म्हणजे चिनी भाषा, ऐकवली. समोर बसून पुस्तक वाचणाऱ्या, खेळणाऱ्या माणसांकडून बाळांनी बारा बैठकींत त्या भाषेतले अनोळखी ध्वनी वेगळे ओळखायला घेतले. तीच माणसं, तोच मजकूर टीव्हीवर दाखवला, तर काहीच शिकली नाहीत. समोरचा माणूस बाळाच्या नजरेकडे बघतो, त्याच्या ‘अं’ला उत्तर देतो, पडदा आपलंच बोलत राहतो. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये सांगितलं आहे.

आणि ‘फक्त इंग्रजी’? मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला हाच. अडखळत इंग्रजी बोलणारी आई आपोआप कमी बोलते. ‘सिट’, ‘ईट’, ‘कम’च्या पुढे गप्पा जात नाहीत, आणि आजी तर संवादातून बादच होते. दोन भाषांनी मूल गोंधळत नाही. ‘मला वॉटर दे’ म्हणणं हा दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांचा नेहमीचा टप्पा आहे. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर मराठी बंद करू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या.