गच्चीवरची प्लास्टिकची खुर्ची आणि इजेक्शन सीट

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच फॉरवर्ड आला. अहमदाबादच्या २०२५ मधल्या विमान अपघातापासून तो किती वेळा फिरून आला याची मोजदाद मी सोडली आहे. या वेळी पाठवणारी माझी सख्खी मावशी होती आणि खाली तिने लिहिलं होतं, "तू विज्ञान शिकवतोस ना? मग सांग यात काय चूक आहे." आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

मजकूर थोडक्यात असा: "फायटरचा पायलट बटण दाबतो आणि दोन सेकंदांत सुखरूप बाहेर. हेच तंत्र प्रवासी विमानात प्रत्येक सीटला बसवता येतं, पण कंपन्यांना पैसे वाचवायचे आहेत. निदान सीटखाली पॅराशूट तरी द्या. अमेरिकेत अख्ख्या विमानाला पॅराशूट लावतात. अहमदाबादला ११ ए ची सीट आपोआप बाहेर फेकली गेली म्हणून तो माणूस वाचला. शेअर करा."

ग्वाल्हेरात हे चटकन पटतं, त्याला कारण आहे. महाराजपूरच्या हवाई तळावरून उडणारी मिराज लढाऊ विमानं १९८५ पासून आमच्या डोक्यावरून जातात. ६ फेब्रुवारी २०२५ ला शिवपुरी जिल्ह्यात मिराज पडलं आणि दोन्ही वैमानिक इजेक्ट होऊन, म्हणजे सीटसकट बाहेर फेकले जाऊन, वाचले. शेतात बसून फोनवर बोलणाऱ्या वैमानिकाचा व्हिडिओ त्या दिवशी घराघरांत पाहिला गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये भिंडलाही तसंच झालं होतं. इथल्या पोरांना 'इजेक्ट' हा शब्द क्रिकेटमधल्या 'आउट' इतका ओळखीचा आहे. पण याच गावाने २८ जानेवारी २०२३ ही तारीखही पाहिली आहे. इथून उडालेली सुखोई-३० आणि मिराज मुरैना जिल्ह्यावर कोसळली. सुखोईतले दोघे इजेक्ट होऊन वाचले, मिराजचे वैमानिक विंग कमांडर हनुमंतराव सारथी गेले. सीट तिघांनाही होती. फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या 'सुखरूप'चं उत्तर खरं तर इथेच मिळतं, पण मावशीला एवढ्यावर सोडता येत नाही.

"बटण दाबतो आणि सुखरूप बाहेर"

बटण नसतं. बहुतेक सीटवर मांड्यांच्या मधोमध पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं एक हँडल असतं, ते ओढायचं. ओढल्यावर डोक्यावरची काच फुटते किंवा उडून जाते. खांद्यांवरचे पट्टे माणसाला मागे खेचतात, पायांना बांधलेले दोर पाय सीटशी आवळतात. पाठीमागच्या नळीतली काडतुसं सीटला वर रेटतात आणि मग सीटखालचं रॉकेट पेटतं. छोटी छत्री सीटला सरळ करते, मोठी छत्री उघडते, सीट गळून पडते. कमी उंचीवर हे सगळं दोन-अडीच सेकंदांत उरकतं. जमिनीवर उभ्या विमानातूनही सुटका व्हावी अशी या सीटची रचना असते.

आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर एक काका राहतात. हवाई दलात त्यांची सारी नोकरी या सीटवर काम करण्यात गेली. सीट चुकून उडू नये म्हणून लावायच्या पिना आणि त्यांच्या लाल फिती यांच्याबद्दल ते अजूनही घरातल्या गॅसच्या कॉकसारखं बोलतात: लावली का, काढली का, मोजली का. फॉरवर्ड दाखवला तर ते हसले आणि मला गच्चीवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं.

"पाठ चिकटव. डोकं मागे. हनुवटी थोडी वर. कोपरं आत घे."

मी तसा बसलो.

"आता रोज बसतोस तसा बस. मोबाईल बघ."

मान खाली गेली, पाठीला पोक आला, एक पाय दुसऱ्यावर चढला.

"झालं," काका म्हणाले. "मान गेली, मणका गेला आणि पाय समोरच्या खुर्चीत अडकून राहिला."

यातलं गणित सोपं आहे. सीट सुटताना शरीरावर साधारण १२ ते २० जी इतका भार येतो (१ जी म्हणजे आपलं नेहमीचं वजन). १५ जी धरला तर ७० किलोच्या माणसाचं वजन क्षणभर हजार किलोंवर जातं आणि ते सगळं मणक्यांच्या मनोऱ्यावर बसतं. वैमानिकाची वैद्यकीय तपासणी झालेली असते, वजन ठरावीक मर्यादेत असतं, बसायचं कसं हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. तरीही मणका चेपून मोडणं ही इजेक्शनमधली नेहमीची दुखापत आहे. आता त्याच खुर्चीत सत्तरीची ठिसूळ हाडांची आजी बसवा, आठवा महिना लागलेली बाई बसवा. आणि मांडीवरचं तान्हं मूल? त्याला कुठला पट्टा लावणार?

दुसऱ्या टोकाची अफवाही तितकीच खोटी: एकदा इजेक्ट झालेला वैमानिक पुन्हा उडत नाही म्हणे. अभिनंदन वर्धमान २७ फेब्रुवारी २०१९ ला मिग-२१ मधून इजेक्ट झाले आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरला तत्कालीन हवाई दलप्रमुख धनोआंसोबत पुन्हा मिग-२१ मध्येच उडाले.

"प्रत्येक सीटला बसवता येतं"

दोन आसनी लढाऊ विमानात आधी मागचा बाहेर जातो, मग पुढचा. उलटं केलं तर पुढच्याच्या रॉकेटची आग मागच्याच्या तोंडावर. दोघांमध्ये अर्ध्या सेकंदाच्या आसपास अंतर ठेवतात. हाच हिशेब अडीचशे प्रवाशांना लावला तर रांग संपायला दोन मिनिटांहून जास्त लागतील. अहमदाबादचं ते विमान धावपट्टी सोडल्यापासून जेमतेम ३२ सेकंद हवेत होतं. सगळे एकदम उडवायचे म्हटलं तर एका रांगेत कोपराला कोपर लावून बसलेल्या नऊ जणांखाली एकाच वेळी रॉकेटं पेटतील, आणि त्याआधी डोक्यावरचं सामानाचं कपाट, वायरी आणि विमानाचं छप्परच उडवून द्यावं लागेल.

वजनाचंही बघा. एक इजेक्शन सीट ८० ते १०० किलोंची असते. अहमदाबादला पडलं तसल्या २५६ खुर्च्यांच्या बोईंग ड्रीमलायनरला नव्वदच्या हिशेबाने २३ टन नुसत्या सीटचे होतात. म्हणजे दोनशेहून जास्त प्रवासी, सामानासकट, घरीच ठेवावे लागतील. उरलेले प्रत्येक उड्डाणाला स्फोटकांवर बसून जातील.

आणि हँडल ओढायचं कोणी? मार्च २०१९ मध्ये फ्रान्समध्ये ६४ वर्षांच्या एका गृहस्थांना त्यांच्या सहकाऱ्यांनी राफेलमधून फेरी भेट दिली. विमान चढणीनंतर सपाट होताना ते सीटवरून उचलले गेले, पट्टे नीट आवळलेले नव्हते, आधारासाठी हाताला येईल ते धरलं. ते नेमकं हँडल निघालं. गृहस्थ आकाशात. नियमाने मागोमाग वैमानिकही बाहेर फेकला जायचा, पण यंत्रणेतल्या बिघाडामुळे त्याची सीट सुटली नाही आणि त्याने उघड्या काचेचं विमान सुखरूप उतरवलं. हा एक घाबरलेला प्रवासी. आपल्याकडे चाकं टेकायच्या आत बेल्ट सोडून उभे राहणारे किती असतात ते मोजा.

"मग निदान पायलटला तरी द्या," असंही ग्रुपवर कोणीतरी म्हणालं. १ ऑक्टोबर १९५६ ला लंडनच्या हीथ्रो विमानतळावर व्हल्कन बॉम्बर उतरताना कोसळलं. आत सहा जण होते, इजेक्शन सीट फक्त दोन वैमानिकांना होत्या. ते दोघे वाचले, मागचे चौघे गेले. कोलंबिया अंतराळयानाच्या पहिल्या चार फेऱ्यांत दोनच अंतराळवीर असत आणि दोघांनाही इजेक्शन सीट होत्या. पाचव्या फेरीला चौघे निघाले, सगळ्यांना सीट देणं जमणार नव्हतं, तेव्हा त्या दोन सीटही निकामी करून ठेवल्या. दोघांनी निघून जायचं आणि दोघांनी बसून राहायचं, हे त्या यानात कोणाला नको होतं.

"सीटखाली पॅराशूट द्या"

हे ऐकायला साधं वाटतं. पण ३५,००० फुटांवर बाहेर उणे पन्नासच्या खाली थंडी असते आणि ऑक्सिजनशिवाय शुद्ध अर्ध्या-एक मिनिटात हरपायला लागते. त्या उंचीवर दार उघडतही नाही, आतला दाब ते चौकटीत दाबून धरतो. बहुतेक अपघात होतात ते विमान चढताना किंवा उतरताना, तेव्हा पट्टे अडकवून दाराशी रांग लावायला उंचीही नसते आणि वेळही नसतो.

प्रवासी विमानातून उडी मारल्याचा एक गाजलेला किस्सा आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत एका अपहरणकर्त्याने दोन लाख डॉलर घेऊन बोईंग ७२७ च्या शेपटीखालच्या जिन्यावरून उडी घेतली. त्याने विमान मुद्दाम खाली आणि हळू उडवायला लावलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते आजवर कळलेलं नाही. त्यानंतर हवेत तो जिना उघडू नये म्हणून त्या विमानांना खास अडसर बसवण्यात आला.

"अख्ख्या विमानाला पॅराशूट"

हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं. सिरस कंपनीच्या चार-पाच आसनी विमानांना असं पॅराशूट असतं आणि त्याने माणसं वाचलीही आहेत. ते विमान दीड-पावणेदोन टनांचं, छत्री सुमारे २,४०० चौरस फुटांची. भरलेलं ड्रीमलायनर २२८ टनांपर्यंत जातं. त्याच वेगाने उतरवायचं तर साडेसात एकर कापड लागेल, आणि तेही उघडायला उंची हवी. अहमदाबादला ते विमान जेमतेम काहीशे फूट वर पोचलं होतं.

"११ ए ची सीट फेकली गेली"

नाही. त्या विमानात अशी यंत्रणा नव्हतीच. वाचलेल्या प्रवाशाने इस्पितळातून स्वतः सांगितलं की विमान ज्या वसतिगृहावर कोसळलं त्याच्या तळमजल्यापाशी आपल्या बाजूचा भाग आला, दार तुटून वाट दिसली, पट्टा सोडून आपण बाहेर पडलो. विमानातल्या २४२ जणांत तो एकटा. त्यावर कोणी ११ ए ची जादू विकत असेल तर त्याला काय म्हणावं ते मी ग्रुपवर लिहिलं नाही, मावशी वाचते.

"कंपन्या पैसे वाचवतात"

वाचवतातच. गुडघे समोरच्या खुर्चीला घासतात तेव्हा मलाही तेच वाटतं. पण राग काढायला जागा वेगळ्या आहेत. नव्या धाटणीच्या विमानांत प्रवासी खुर्ची पुढच्या दिशेने १६ जीचा धक्का सोसेल अशी असावी लागते. निम्मीच दारं वापरून ९० सेकंदांत विमान रिकामं होतं हे दाखवल्याशिवाय परवाना मिळत नाही. खुर्च्या दाटत चालल्या, त्यात वयस्कर माणसं आणि लहान मुलं आली, तर हे ९० सेकंद खरे राहतात का, असं विचारणारा फॉरवर्ड मी आनंदाने पुढे पाठवीन.

२ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपानी प्रवासी विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. छोट्या विमानातले पाच जण गेले. मोठ्यातले ३७९ च्या ३७९ बाहेर पडले, सामान मागे टाकून, घसरगुंड्यांवरून.

एवढं सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे पर्स सोडून पळायचं?"

"हो."

"बीपीच्या गोळ्या असतात रे त्यात," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने विचारलं, "ब्लाउजच्या आत छोटा बटवा शिवून घेतला तर चालेल?"