‘पाणी तर क्लोरीनचं आहे’, मग जंतू आले कुठून?

एक मेसेज सध्या खूप फिरतोय. मला तो आधी नर्सिंगच्या बॅचच्या ग्रुपवर आला, मग सोसायटीच्या, मग भावाकडून. मजकूर थोडक्यात असा: आयसीयूत औषधांना दाद न देणारे जंतू होतात ते न धुतलेल्या हातांमुळे आणि अँटिबायोटिकच्या माऱ्यामुळे. पाण्याचं नाव घेणं म्हणजे लोकांना उगाच घाबरवणं. पाणी क्लोरीनचं असतं, लॅबचा रिपोर्ट असतो, वर आरओ असतो, आणि ड्रेनमध्ये गेलेली घाण काही परत वर येत नाही.

हात आणि अँटिबायोटिक यांबद्दल लिहिलंय ते खरंच आहे, आणि त्याच्या भरवशावर बाकीचंही खपून जातं. मी चौदा वर्षं आयसीयूत आहे, त्यातली पाच इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर म्हणून. म्हणून बाकीच्याबद्दल लिहिते.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण त्यापायी माणसं गेली आहेत. डिसेंबर २००४ ते मार्च २००६ या काळात कॅनडातल्या टोरांटो जनरल हॉस्पिटलात ३६ पेशंटमध्ये अनेक औषधांना न जुमानणारा सुडोमोनास नावाचा जंतू सापडला. त्यांतले १७ जण तीन महिन्यांच्या आत दगावले, आणि १२ मृत्यूंत या जंतूचा थेट किंवा अंशतः हात होता. शोधता शोधता तो सापडला हात धुण्याच्या बेसिनच्या ड्रेनमध्ये. तपासणाऱ्यांनी चमकणारा रंग वापरून पाहिलं: कुणी नेहमीसारखे हात धुतले की ड्रेनमधला ऐवज किमान एक मीटरपर्यंत उडत होता. नळाची धार सरळ ड्रेनवर पडत होती, बेसिन उथळ होतं.

पण बेसिनच्या जाळीखालच्या यू-बेंडमधला (पाणी साचून राहतं त्या वाकड्या पाइपमधला) जंतू जाळीपर्यंत येतोच कसा? वर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली हे दाखवलं. यू-बेंडमध्ये सोडलेल्या ई. कोलाय या जंतूला खायला मिळालं, तेव्हा त्याचा बुळबुळीत थर पाइपच्या भिंतीवरून दिवसाला सुमारे एक इंच वर चढला आणि आठवड्याभरात जाळीला भिडला. नळाच्या पाण्याने तो उडायला लागला तो त्यानंतरच.

आता आपल्या बेसिनमध्ये काय जातं ते आठवा. मी पूर्वी जिथे होते तिथे रात्रपाळीला उरलेला चहा, राइल्स ट्यूबचं (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीचं) उरलेलं फीड, डेक्स्ट्रोजच्या बाटलीतला शेवटचा घोट आणि व्हायलमधलं (इंजेक्शनच्या छोट्या बाटलीतलं) उरलेलं अँटिबायोटिक, सगळं एकाच बेसिनमध्ये ओतलं जायचं. मीही ओतलंय. जंतूंना खाणंही मिळतं आणि औषधाची सवयही लागते. शिवाय त्या थरात दाटीवाटीने राहणारे जंतू प्रतिकाराची जनुकं एकमेकांना देतात.

‘ब्लीच ओतलं की झालं.’ टोरांटोत बेसिनांचं निर्जंतुकीकरण अनेकदा केलं, साथ थांबली नाही. पाणी उडणार नाही अशा तऱ्हेने बेसिनच बदलली तेव्हा ती थांबली.

‘लॅबचा रिपोर्ट स्वच्छ आहे.’ तो रिपोर्ट कशाचा आहे ते वाचा. पिण्याच्या पाण्याची नेहमीची तपासणी शोधते कॉलिफॉर्म आणि ई. कोलाय, म्हणजे मैला मिसळलाय का एवढंच. सुडोमोनासचा त्यात पत्ता नसतो. उत्तर आयर्लंडमध्ये २०११-१२ च्या हिवाळ्यात नवजात शिशूंच्या कक्षांत सुडोमोनासने चार बाळं गेली. तिथे संशय गेला तो कक्षातल्या नळांवर. टाकीचा नमुना पास झाला म्हणून बेडशेजारचा नळ पास होत नाही.

क्लोरीनबद्दल दोनच वाक्यं. आपल्या मानकानुसार पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं, पण गच्चीवरच्या टाकीत दिवसभर तापलेल्या पाण्यात ते किती उरतं, हे वॉर्डातल्या नळावर मोजणारी हॉस्पिटलं मी फार कमी पाहिली आहेत. आणि उरलं तरी पाइपला चिकटलेल्या थराच्या आतपर्यंत ते सहज पोचत नाही.

आरओबद्दल तर लोकांचा समज अगदी उलटा आहे. आरओच्या मशीनमधला कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे पुढच्या टाकीत आणि नळीत जंतू वाढू लागले तर त्यांना अडवणारं काही उरत नाही. तेच पाणी ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरच्या (ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या) बाटलीत भरताना मी पाहिलंय. ‘सिस्टर, फिल्टरचंच आहे,’ असं मला सांगितलं गेलं. त्या बाटलीतून जाणारी हवा थेट पेशंटच्या श्वासात जाते. तिथे स्टराइल वॉटरच, म्हणजे निर्जंतुक केलेलं पाणीच लागतं.

मग हात धुवायचे नाहीत का? असं कुणीही म्हणत नाही. हात दिसायला मळलेले असतील तर साबण-पाणी, एरवी बेडपाशी हँडरब, म्हणजे हातांना चोळायचं सॅनिटायझर. बेसिन हात धुण्यापुरतंच.

आमच्या आयसीयूत आता प्रत्येक बेसिनपासून एक मीटरवर जमिनीवर पिवळी पट्टी आहे. औषधांची ट्रॉली, उघडी सिरिंज, गॉजचा डबा यांतलं काहीही तिच्या आत येत नाही. उरलेलं फीड स्लूस रूममध्ये, म्हणजे घाण टाकण्याच्या वेगळ्या खोलीत जातं. परवा एका नव्या मुलीने घाईत ट्रे बेसिनच्या कट्ट्यावर ठेवला, तेव्हा मी काही बोलायच्या आत वॉर्डबॉयनेच तो उचलून पट्टीबाहेर नेला.