घरची परिस्थिती

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला. चुलतभावाने एका व्याख्यात्याचा व्हिडिओ टाकला होता. गरिबी खिशात नसते, डोक्यात असते, असा एकूण सूर. मी विरोध केला तर दादा म्हणाला, "अगं, तूच तर पुरावा आहेस. आपल्या गावातून उठून अमेरिकेला गेलीस. तुझ्याकडे जिद्द होती."

हे कौतुक माझ्या पचनी पडेना, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. दसरा-दिवाळी झाली की ट्रक भरभरून माणसं ऊसतोडीला जायची, कोल्हापूर-सांगलीकडे, काही कर्नाटकात. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगीही जायची. तिचे पाढे माझ्यापेक्षा पक्के होते; आजोबांनी पावकी-निमकीसुद्धा घोकून घेतली होती. पाडव्याच्या सुमारास ती परतायची तेव्हा वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, बांधून बोटं चिरलेली असायची आणि वर्ग भागाकार संपवून अपूर्णांकांवर गेलेला असायचा. पाचवीला ती आलीच नाही. तिचे आईवडील म्हणजे एक 'कोयता', ऊसतोडीतली नवरा-बायकोची जोडी. मजूर गोळा करणाऱ्या मुकादमाकडून उचल घ्यायची, हंगामभर तोडून फेडायची, नाही फिटली तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याकडेच. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळायला कुणीतरी लागायचं.

उचल आमच्याही घरी घेतली होती. माझ्या विमानाच्या तिकिटासाठी वडिलांनी फंडातून काढली. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आणि शिकू शकले ते ई.बी.सी.च्या सवलतीवर, आजोबांचं उत्पन्न तुटपुंजं म्हणून फी माफ झाली. वडिलांची उचल दरमहा पगारातून कापली जाऊन संपली. तिच्या घरची दर दसऱ्याला नव्याने उभी राहायची. यात कुणाची जिद्द कमी होती, दादा?

मी आता बाल्टिमोरजवळ राहते. इथेही हाच वाद चालतो, आणि आपल्या मराठी मंडळातही पुष्कळजण म्हणतात की आम्ही मेहनतीने वर आलो, बाकीच्यांनीही यावं. मेहनत खरीच आहे, मीही रात्री जागवल्या आहेत. पण आपल्यातले बहुतेक इथे आले ते पदवीच्या जोरावर, आणि ती पदवी गावाकडच्या किती मुलांच्या आवाक्यात होती?

१९९४ मध्ये अमेरिकी सरकारने बाल्टिमोरसह पाच शहरांत एक प्रयोग सुरू केला. सरकारी वसाहतींतल्या सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांमध्ये सोडत काढली. काहींना कमी गरिबीच्या वस्तीत भाड्याचं घर घेण्यासाठी मदत मिळाली, काहींना नाही. सोडतच असल्यामुळे दोन्हीकडची माणसं सरासरीने सारखी; स्वभाव, हिंमत, आळस, सगळंच. मोठ्यांच्या कमाईत पुढे फारसा फरक पडला नाही, आणि 'गरिबी डोक्यात असते' म्हणणाऱ्यांना तेवढं पुरे झालं. पण २०१५ मध्ये अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी मुलांची मोठेपणीची कमाई तपासली. तेरा वर्षांच्या आत ज्यांचं घर बदललं, ती मुलं पंचविशीच्या आसपास सुमारे ३१ टक्के जास्त कमावत होती. तेरानंतर बदललं, त्यांना हा फायदा झाला नाही.

ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे तीच आली. ती शाळेतून गेली तेव्हा दहा वर्षांची होती.

जिद्दीची उदाहरणं देताना आपण कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' हमखास सांगतो. मुलं राबली, शिकली, हे खरंच. पण त्यासाठी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था उभी राहिली, वसतिगृहं निघाली, आणि मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. जिद्दीला झोपायला जागा आणि दोन वेळची भाकरी लागते, हे कर्मवीरांनी ओळखलं होतं. आपली मराठीही किती समजूतदार आहे! गरीब माणसाला गरीब न म्हणता आपण म्हणतो, 'त्याच्या घरची परिस्थिती नाही.'

आता ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. आईबाप तोडीला गेले तरी मुलं गावातच राहतात, जेवतात, शाळेत जातात. ती वेळेवर सुरू व्हायला हवीत. ट्रक हलल्यावर दोन महिन्यांनी सुरू होऊन काय उपयोग, पोरं तोवर फडात पोचलेली असतात. म्हणून ग्रुपवर मी शेवटी दादाला एवढंच विचारलं, की आपल्या गावातलं वसतिगृह यंदा कधी सुरू होणार आहे आणि यादीत किती मुलं आहेत.

शाळेत जाऊन विचारतो, म्हणालाय. दसऱ्याला अजून तीन आठवडे आहेत.